लांग पिंग: खेळाडू म्हणून मोठ्या की प्रशिक्षक म्हणून?

दुसरी_लिफ्टर

नमस्कार. मी शाळेत आणि पुढे दोन वर्षे महाविद्यालयात व्हॉलीबॉल खेळत असे. संघातील पहिली लिफ्टर, म्हणजे स्मॅश मारणारीसाठी चेंडू वर टाकून देणारी खेळाडू, आजारी पडली तरच मला मैदानात उतरवले जाई, त्यामुळे खेळण्यापेक्षा बाकावर बसून खेळ पाहण्याचाच सराव मला अधिक झाला. गेल्या आठवड्यात नववीत शिकणाऱ्या आणि शाळेच्या संघातून खेळणाऱ्या माझ्या भाचीने मला विचारले, की जगातली सर्वांत मोठी व्हॉलीबॉलपटू कोण. मी क्षणाचाही विचार न करता लांग पिंग हे नाव सांगितले. तिने लगेच मोबाइलवर शोधले आणि म्हणाली, "अगं मावशी, ही तर कोच आहे."

तिला उत्तर देताना माझी थोडी अडचण झाली, हे मान्य करते. 1984 चे लॉस एंजेलिसचे ऑलिम्पिक सुवर्ण खेळाडू म्हणून आणि 2016 चे रिओचे सुवर्ण प्रशिक्षक म्हणून, एवढे मला ठाऊक होते. दोन्ही भूमिकांत व्हॉलीबॉलचे ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारी ती पहिलीच व्यक्ती, हेही मी तिला सांगितले. परंतु नंतर शांतपणे विचार केला तेव्हा शंका आली. 1984 च्या स्पर्धेवर सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रराष्ट्रांनी बहिष्कार घातला होता, क्यूबाही आला नव्हता. लांग पिंग यांची खेळाडू म्हणून ऐन भराची वर्षे मोजली तर सात-आठच्या वर जात नाहीत. उलट क्यूबाच्या रेग्ला तोरेस आणि मिरेया लुईस यांच्याकडे 1992, 1996 आणि 2000 अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके आहेत. मग प्रशिक्षक म्हणून नंतर मिळालेल्या यशाचा उजेड आपण त्यांच्या खेळावर मागाहून पाडत आहोत का? त्या कधीच प्रशिक्षक झाल्या नसत्या, तर आज त्यांचे नाव आपल्याला आठवले असते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. भाचीला मी "विचारून सांगते" असे सांगून ठेवले आहे.

जुना_प्रेक्षक

आपला प्रश्न रास्त आहे, पण बहिष्काराचा मुद्दा मला तेवढा वजनदार वाटत नाही. ऑलिम्पिकला सोव्हिएत संघ नव्हता हे खरे. मात्र 1981 च्या विश्वचषकात तो होता आणि तिसरा आला, 1985 च्या विश्वचषकातही होता आणि पुन्हा तिसराच आला. 1985 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर क्यूबा होता. म्हणजे ज्या दोन संघांच्या गैरहजेरीमुळे 1984 चे सुवर्ण स्वस्तात मिळाले असे म्हटले जाते, त्या दोघांनाही मागे टाकून चीनने पुढच्याच वर्षी जपानमध्ये विश्वचषक उचलला. त्या संघाच्या कर्णधार लांग पिंग होत्या आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूही त्याच ठरल्या. 1981 चा विश्वचषक, 1982 ची पेरूमधील जागतिक स्पर्धा, 1984 चे ऑलिम्पिक आणि 1985 चा विश्वचषक ही चार विजेतेपदे त्यांनी मैदानावर उभे राहून मिळवली. त्या काळात महिलांच्या व्हॉलीबॉलमध्ये याहून मोठी स्पर्धाच नव्हती.

आता त्यांच्या खेळाविषयी. उंची 1.84 मीटर. आजच्या भाचीच्या पिढीला ती फारशी वाटणार नाही, कारण 2016 च्या चिनी संघात दोन मीटरच्या घरातल्या मुली होत्या. परंतु 1980 च्या आसपास आशियाई संघात एवढी उंच आणि एवढी जोरकस स्मॅश मारणारी खेळाडू ही नवलाची गोष्ट होती. त्या मुख्यतः जाळ्याच्या डाव्या टोकावरून, म्हणजे आपण ज्याला चार नंबर म्हणतो तिथून, मारत. त्यांना 'लोखंडी हातोडा' म्हणत हे आपण वाचले असेलच. त्यात एक शाब्दिक गंमतही आहे, कारण चिनी भाषेतील हातोड्याच्या शब्दाची सुरुवातच 'लांग' अशी होते.

त्या हातोड्याचे मोल समजायचे असेल तर तेव्हाचे नियम डोळ्यांपुढे आणावे लागतात. आज प्रत्येक रॅलीला गुण मिळतो. तेव्हा सर्व्हिस आपल्या हाती असेल तरच गुण मिळे. प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवर रॅली जिंकली तर पदरात पडे ती फक्त सर्व्हिस. सेट 15 गुणांचा, पण गुणफलक बराच वेळ जागचा हलत नसे. अशा खेळात लिफ्ट चांगली मिळाली की सगळ्याच मारतात. सर्व्हिस नीट उचलली गेलेली नाही, लिफ्टर धावत जाऊन कशीबशी चेंडू वर टाकते आहे आणि समोर दोघींचा ब्लॉक उभा आहे, अशा वेळी ज्या खेळाडूकडे चेंडू निर्धास्तपणे सोपवता येतो, तिच्यावर संघ उभा राहतो. लांग पिंग त्या जागी होत्या. शिवाय लिबेरो, म्हणजे केवळ बचावासाठी असलेली खेळाडू, हा प्रकार 1998 पर्यंत आलाच नव्हता. आज उंच खेळाडू मागच्या रांगेत गेली की बऱ्याचदा तिला बाहेर बोलावून बचावपटू आत येते. तेव्हा उंच असो वा बुटकी, मागे गेल्यावर प्रत्येकीला वाकून सर्व्हिस उचलावी लागे आणि लादीवर अंगही टाकावे लागे.

तोरेस आणि लुईस यांची तीन पदके मोठी आहेतच, आणि मिरेया लुईस यांची उडी ज्याने पाहिली तो ती विसरणार नाही. पण पदकांची संख्या हाच निकष लावायचा तर क्यूबाने 1984 आणि 1988 या दोन्ही ऑलिम्पिकवर बहिष्कार घातला होता हेही मोजावे लागेल, आणि मग हिशेब कुठे थांबवायचा हे ठरवणे कठीण होईल.

निवृत्त_क्रीडाशिक्षक

जुना_प्रेक्षक यांनी लिहिलेले बहुतेक पटते, तरी एका बाबतीत मी थोडा वेगळा सूर लावतो. लांग पिंग त्या संघाच्या सर्वांत प्रसिद्ध खेळाडू होत्या. पण 1981 मध्ये कर्णधारपद आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान हे दोन्ही सुन जिनफांग यांच्याकडे होते, आणि त्या लिफ्टर होत्या. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना यात आनंद वाटावा म्हणून मी हे लिहीत नाही. हातोडा कितीही लोखंडी असला तरी खिळा नेमका त्याच्या खाली धरणारे कोणीतरी लागते.

त्या संघाच्या घडणीमागे जपानही आहे. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे व्हॉलीबॉल ऑलिम्पिकमध्ये प्रथम आले तेव्हा, जपानच्या महिलांना सुवर्ण मिळवून देणारे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांना पंतप्रधान चौ एनलाय यांनी 1965 मध्ये चीनमध्ये बोलावून घेतले होते. खेळाडू थकून पडेपर्यंत त्यांच्यावर एकामागून एक चेंडू मारत राहण्याची त्यांची पद्धत चिनी मुलींनी तेव्हा प्रत्यक्ष अनुभवली. पुढे 1976 पासून युआन वेइमिन यांनी राष्ट्रीय संघ हाती घेतला, आणि फुजियान प्रांतातील झांगझोऊ येथे त्यांची शिबिरे होऊ लागली. तिथल्या सरावाची सुरुवात 1972 मध्ये बांबूच्या मांडवात झाली होती. जमीन अशी कडक आणि खरबरीत, की चेंडूसाठी अंग टाकले की कातडे सोलून निघे. आमच्या शाळेचे मैदान मुरमाचे होते आणि मुलींच्या कोपरांना लावायला मी हळद व खोबरेल तेलाची बाटली पिशवीत ठेवत असे, त्यामुळे झांगझोऊविषयी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते काही परके वाटले नाही.

1981 च्या विश्वचषकाच्या ओसाकामधील शेवटच्या सामन्याची हकीकत भाचीला अवश्य सांगा. 16 नोव्हेंबरचा दिवस, समोर यजमान जपान. चीनने आधीचे सर्व सामने जिंकलेले असल्यामुळे या सामन्यात दोन सेट मिळाले तरी विजेतेपद निश्चित होणार होते. ते दोन सेट चीनने सलग जिंकले. आपण जगज्जेत्या झालो हे कळल्यावर मुलींचे हातपाय सैल पडले आणि पुढचे दोन सेट जपानने घेतले. सामना 2-2 झाल्यावर युआन यांनी खेळाडूंना चांगलेच खडसावले, कारण विजेतेपद मिळवूनही सामना हरून घरी जायचे ही कल्पनाच त्यांना सहन होईना. पाचवा सेट 17-15 असा चीनच्या नावावर गेला. माझ्या मते लांग पिंग यांच्या पुढच्या साऱ्या प्रशिक्षकपणाचे मूळ त्या पाचव्या सेटमध्ये आहे.

आणखी एक गोष्ट इथे फार थोड्यांच्या लक्षात असते. पेरूमध्ये जगज्जेतेपद मिळवल्यावर दोनच महिन्यांनी हा संघ दिल्लीत होता. 1982 च्या आशियाई स्पर्धेत महिलांच्या व्हॉलीबॉलचे सुवर्ण चीनने जपानला मागे टाकून मिळवले, आणि त्या संघात लांग पिंग होत्या. त्या वर्षी आपल्याकडे रंगीत दूरदर्शन नुकतेच आले होते आणि सगळा देश हॉकीच्या अंतिम सामन्यातल्या पराभवाने खट्टू झाला होता, त्यामुळे जगातला सर्वोत्तम महिला व्हॉलीबॉल संघ आपल्या दारी येऊन खेळून गेला याची दखल आमच्यासारख्या मोजक्या वेड्यांनीच घेतली. त्यातच आमच्या भागात तेव्हा गावोगावी शूटिंग व्हॉलीबॉल हा आपल्याकडचा वेगळा प्रकार जोरात होता. पासिंगचा खेळ, म्हणजे ऑलिम्पिकमधले व्हॉलीबॉल, त्यातही मुलींचे, पाहायला कोण जमणार?

राहिला कारकीर्द लहान असण्याचा प्रश्न. त्याचे उत्तर त्यांच्या गुडघ्यांत आहे. अशा सरावानंतर पंचविशीतच त्यांचे शरीर थकले होते. पुढे आयुष्यभर त्यांना शस्त्रक्रिया करून घ्याव्या लागल्या. तरीही 1990 मध्ये बीजिंगला जागतिक स्पर्धा झाली तेव्हा, निवृत्तीनंतर काही वर्षांनी, त्या पुन्हा संघात आल्या आणि रौप्यपदक घेऊन परतल्या.

अटलांटा_ते_रिओ

वरील दोन्ही प्रतिसाद खेळाडूच्या बाजूने आहेत, म्हणून मी प्रशिक्षकाची बाजू मांडतो. माझे मत असे, की रिओचे सुवर्ण हे लॉस एंजेलिसच्या सुवर्णाहून अवघड होते.

खेळणे थांबवल्यावर लांग पिंग 1987 मध्ये अमेरिकेला गेल्या. ज्या बाईंचे चित्र चीनच्या टपाल तिकिटांवर शोभावे इतक्या त्या प्रसिद्ध होत्या, त्यांनी न्यू मेक्सिको विद्यापीठात इंग्रजीचे धडे गिरवत शिक्षण घेतले आणि तिथल्या संघाच्या सहायक प्रशिक्षक म्हणून काम केले. मध्ये इटलीत मोडेनाच्या क्लबकडून खेळल्या. 1995 मध्ये चीनने त्यांना बोलावले तेव्हा संघाची अवस्था वाईट होती: 1992 च्या ऑलिम्पिकमध्ये सातवा आणि 1994 च्या जागतिक स्पर्धेत आठवा क्रमांक. अवघ्या दीड वर्षात तो संघ 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि क्यूबाकडून हरून रौप्यावर थांबला. 1998 च्या जागतिक स्पर्धेतही अंतिम सामना, पुन्हा क्यूबा आणि पुन्हा रौप्य. प्रकृती साथ देईना म्हणून 1999 मध्ये त्यांनी पद सोडले. तेव्हा त्या चाळिशीच्याही आत होत्या.

नंतर इटलीतील क्लब झाले, आणि 2005 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या महिला संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. पुढचे ऑलिम्पिक बीजिंगला होते, त्यामुळे काय घडणार हे त्याच दिवशी सर्वांना दिसत होते. 15 ऑगस्ट 2008 रोजी गटसाखळीत अमेरिका आणि चीन समोरासमोर आले. प्रेक्षकांत चीनचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ बसले होते. अमेरिकेच्या प्रशिक्षक म्हणून लांग पिंग यांचे नाव पुकारले गेले तेव्हा चिनी प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि मग अमेरिकेने सामना 3-2 असा जिंकला. चीनच्या बाकावर होते चेन झोंगहे. हे गृहस्थ ऐंशीच्या दशकात महिला संघाला सराव देण्यासाठी पलीकडून स्मॅश मारणारे सहकारी होते, आणि लांग पिंग पहिल्यांदा प्रशिक्षक झाल्या तेव्हा त्यांचे सहायक होते. एका घरातली दोन माणसे दोन बाकांवर बसली होती, एवढेच त्या सामन्याचे वर्णन मला करावेसे वाटते. अमेरिकेला अंतिम सामन्यात ब्राझीलने हरवले. चीनला कांस्य मिळाले.

2013 मध्ये त्यांनी पुन्हा चीनचा संघ घेतला. पहिल्याच वर्षी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत चौथा क्रमांक आला, यावरून सुरुवात किती खालून होती ते कळते. इथे त्यांनी युआन वेइमिन यांची वाट सोडली, आणि मला सर्वांत महत्त्वाचे तेच वाटते. ठरलेल्या बारा-चौदा जणींना वर्षभर रगडण्याऐवजी त्यांनी मोठ्या संख्येने मुली शिबिरांत बोलावल्या, त्यांना आळीपाळीने स्पर्धांत उतरवले, परदेशांतून शरीरोपचार आणि व्यायामाचे तज्ज्ञ आणले, आणि दुखापत झालेल्या मुलीला विश्रांती देणे हा सरावाचाच भाग ठरवला. ज्यांचे स्वतःचे गुडघे पंचविशीत निकामी झाले, त्यांनीच हे करावे यात आश्चर्य नाही. हेनान प्रांतातल्या खेड्यातून आलेली झू टिंग याच काळात जगातली सर्वोत्तम आक्रमक खेळाडू झाली. 2014 च्या जागतिक स्पर्धेत रौप्य, 2015 च्या विश्वचषकात सुवर्ण.

तरीही रिओमध्ये गटसाखळीत नेदरलँड्स, सर्बिया आणि अमेरिका या तिघांकडून हा संघ हरला आणि गटात चौथा राहून कसाबसा पुढे सरकला. उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली ती ब्राझीलशी: यजमान, आधीच्या दोन ऑलिम्पिकचे विजेते, आणि त्या स्पर्धेत तोवर एकही सेट न गमावलेले. पहिला सेट 15-25 असा गेला. तेव्हा लांग पिंग यांनी कर्णधार हुई रुओची हिला बाहेर घेऊन लिऊ शिआओतोंगला उतरवले. हे सोपे नव्हते, कारण हुई हृदयाच्या शस्त्रक्रियेतून बरी होऊन त्याच वर्षी संघात परतली होती. सामना पाचव्या सेटमध्ये 15-13 असा जिंकला गेला. नंतर उपांत्य फेरीत नेदरलँड्स आणि अंतिम फेरीत सर्बिया, गटातल्या त्याच दोन संघांना, चीनने प्रत्येकी 3-1 असे हरवले.

जुना_प्रेक्षक

रिओच्या शेवटच्या गुणाची आठवण निघाली म्हणून एक जोड देतो. झांग चांगनिंगच्या सर्व्हिसवर सर्बियाची उचल फसली, चेंडू सरळ जाळ्यापलीकडे चीनच्या बाजूला आला, आणि जाळ्याशी उभ्या असलेल्या हुई रुओचीने तो खाली मारला. बाहेर बसवलेली कर्णधारच शेवटी आत होती.

आता 1984 चा अंतिम सामना पाहा. गटसाखळीत चीन अमेरिकेकडून हरला होता, हेही रिओसारखेच. अंतिम सामन्याचा पहिला सेट 14-14 वर अडला असताना युआन यांनी केवळ सर्व्हिससाठी हौ युजू या बदली खेळाडूला उतरवले. तिची पहिली सर्व्हिस थेट गुण देऊन गेली, दुसरीवर अमेरिकेची उचल पुन्हा बिघडली, आणि सेट 16-14 असा चीनकडे आला. त्यानंतरचे दोन सेट 15-3 आणि 15-9. लांग पिंग तेव्हा मैदानात होत्या आणि बाकावरून उठलेल्या मुलीने सामना फिरवलेला त्यांनी काही हातांच्या अंतरावरून पाहिला होता. खेळाडू वेगळी काढा आणि प्रशिक्षक वेगळी काढा, हे आपण सांगता तितके सहज होईल असे मला वाटत नाही.

दुसरी_लिफ्टर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री हे सगळे प्रतिसाद मी भाचीला वाचून दाखवले. सर्वोत्तम खेळाडू लिफ्टर होती, या वाक्यावर मी उगाचच दोनदा थांबले. ओसाकाच्या पाचव्या सेटपेक्षा तिला हौ युजूची दोन सर्व्हिसची गोष्ट जास्त आवडली, कारण ती स्वतः सध्या बदली खेळाडूच आहे. तिने पुढचा प्रश्न विचारला आहे: 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये काय झाले? त्या वेळी मी स्पर्धा पाहू शकले नव्हते.

अटलांटा_ते_रिओ

टोकियोत वाईट झाले. 2019 च्या विश्वचषकात अकराच्या अकरा सामने जिंकलेला हा संघ सुवर्णाचा मोठा दावेदार म्हणून गेला होता, पण झू टिंगच्या मनगटाची दुखापत बळावली आणि तुर्कस्तान, अमेरिका व रशियन ऑलिम्पिक समितीचा संघ या तिघांविरुद्धचे सामने लागोपाठ हातचे गेले. त्यानंतर इटली आणि अर्जेंटिना यांना चीनने हरवले, पण संघ पुढच्या फेरीत जाऊ शकला नाही. अर्जेंटिनाविरुद्धचा 2 ऑगस्ट 2021 चा सामना लांग पिंग यांचा राष्ट्रीय संघाच्या बाकावरचा शेवटचा सामना ठरला. त्या स्पर्धेचे सुवर्ण अमेरिकेने मिळवले आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते कार्च किराली. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव तेव्हा लांग पिंग यांच्या शेजारी लागले. खेळाडू म्हणून किराली यांचे पहिले सुवर्णही 1984 च्या लॉस एंजेलिसचेच आहे, हे भाचीला सांगायला विसरू नका.